हलकं धान घरात, मंडई दारात

भंडारा जिल्ह्यात दिवाळी भाऊबिजेला संपत नाही. त्या दिवसापासून ती गावोगाव फिरायला निघते. मोठ्या शहरांत फराळाचे डबे तळाला जाऊन लोक कामाला जुंपलेले असतात, तेव्हा साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी, मोहाडी, तुमसर या तालुक्यांतल्या गावांत अंगणं पुन्हा सारवली जातात, चौकात दुकानांच्या जागा आखल्या जातात आणि घरातलं कुणीतरी फोनवर मोठ्याने सांगत असतं, ‘मंडईले येजो बरं!’ आज या गावची मंडई, उद्या शेजारच्या, परवा नाल्यापलीकडच्या. कार्तिक महिना असा सरतो.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतला धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. इथली मंडई म्हणजे एका दिवसाची गावजत्रा. पाडव्याला गायगोधन होतं, गोवारी समाजाची ढाल वाजतगाजत निघते आणि मंडईचे दिवस लागतात. दुपारी बाजार भरतो, मोकळ्या जागेत दंडार नाहीतर खडी गंमत रंगते, रात्री नाटक असतं. दिवसभर प्रत्येक घरात पाहुणे असतात. मंडईच्या तारखा एकमेकींना कापत नाहीत, ही त्यातली खरी मेख आहे. शेजारच्या गावांनी एकच दिवस धरला, तर कोण कुणाकडे जाणार? बाजारवाल्यांना, दंडारीच्या संचाला आणि सोयऱ्याधायऱ्यांना एका गावातून दुसऱ्या गावात जाता यावं, अशीच ही साखळी वर्षानुवर्षं बसत आलेली आहे.

म्हणून या भागात मौज करायची, तर एक तर कुणाचा पाहुणा व्हावं लागतं, नाहीतर कुणाला पाहुणा म्हणून बोलवावं लागतं. तिसरा रस्ता नाही. पर्यटनाच्या जाहिराती आपल्याला शिकवतात, की प्रवास, खाणं आणि कला या तीन वेगवेगळ्या खरेद्या आहेत: तिकीट, हॉटेल, प्रवेशशुल्क. झाडीपट्टीत या तिन्ही गोष्टी एकाच निमंत्रणात बांधून येतात, आणि ते निमंत्रण धानाच्या हिशेबाने निघतं.

तो हिशेब समजून घ्यायला हवा. जून-जुलैत परे टाकायचे, पाऊस धरला की बांध्यांमध्ये चिखल करून रोवणी करायची. रोवणीच्या दिवसांत गावात दुपारी हाक मारली तर ओ द्यायला माणूस सापडत नाही. कमरेत वाकून बायका दिवसचे दिवस पाण्यात उभ्या असतात. धानाचे प्रकार पडतात ते मुदतीवर. हलकं धान लवकर हाती येतं, मध्यम त्याच्या मागून, भारी धान सगळ्यात शेवटी. दिवाळीच्या सुमारास हलकं धान कापून कडपा पडलेला असतो किंवा घरात आलेलं असतं आणि भारी धानाला अजून वेळ असतो. या दोन कापण्यांच्या मधल्या फटीत मंडई बसते. हातात नव्या धानाचे थोडे पैसे असतात, पाठ थोडी सरळ झालेली असते आणि पुढे पुंजणे रचायचे, चुरणे करायचे ते दिवस यायचे असतात. आनंदाची वेळ इतक्या नेमकेपणाने शोधून काढणाऱ्या शेतकऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

भारी धान पिकतं ते तलावांच्या जोरावर. कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळापासून या मुलखात तलाव बांधले. तलाव बांधेल त्याला जमीन, असा तो व्यवहार होता. नंतर मालगुजारी आली, १९५० च्या कायद्याने ती गेलीही, पण ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव हे नाव सरकारी कागदांत राहिलं. पाऊस पाठ फिरवतो तेव्हा तलावाचं तुडुम उघडून पाणी पाटाने बांध्यांत सोडतात. तेवढ्या शेवटच्या पाण्यावर भारी धानाची लोंबी भरते.

याच तलावांत शिंगाडा असतो. दिवाळीत या जिल्ह्यात आलात आणि शिंगाडे न खाता गेलात, तर काहीच खाल्लं नाही असं समजा. धीवर समाजातली माणसं तलावात वेल लावतात, डोंग्यातून पाण्यावर फिरत पानांच्या चकत्या उलट्या करतात आणि खालची फळं खुडतात. कच्चं फळ हिरवं, कुठे लालसर, दोन बाजूंना दोन टोकदार काटे. खुडणाऱ्याची बोटं त्या काट्यांनी चिरलेली असतात. उकडलं की साल काळी पडते. भंडाऱ्याच्या बसस्थानकाबाहेर, साकोलीच्या रस्त्यावर, मंडईच्या तोंडाशी अशा काळ्या शिंगाड्यांचे ढीग घेऊन बायका बसतात. दाताने साल फोडायची आणि आतला पांढरा, पिठूळ, किंचित गोड गर काढून तोंडात टाकायचा. सालीचा काळा रंग बोटांना आणि ओठांना लागतो. मंडईत त्या दिवशी ज्याची बोटं काळी दिसतील, तो पोटभर हिंडलेला आहे असं खुशाल समजावं.

नागपूरहून भंडारा ६० किलोमीटर. मुंबई–कोलकाता महामार्गावरची गाडी हे अंतर तासाभरात कापते आणि बहुतेक गाड्या तशाच वैनगंगा ओलांडून पुढे नागझिऱ्याकडे किंवा रायपूरकडे निघून जातात. वाघ बघायला जाणाऱ्यांना हा जिल्हा खिडकीतून दिसतो. मला वाटतं, हा जिल्हा लाल एसटीतून बघावा. मंडईच्या दिवसांत भंडारा, तुमसर, साकोली, पवनी या स्थानकांवर गर्दी असते ती बहुतांश बायकांची आणि पोरांची. माहेरच्या मंडईला निघालेली लेक, भाचरांना घेऊन चाललेली मामी, कडेवर नातू घेतलेली आजी. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास त्याच्या आदल्या वर्षीच मोफत झाला होता. या दोन निर्णयांवर शहरात बरीच चर्चा झाली. झाडीपट्टीत त्यांचा एक साधा परिणाम दिसतो: एकाच मंडईला जाणारी बाई आता दोन-तीन मंडया करते. नवऱ्याच्या मोटारसायकलची वाट तिला पाहावी लागत नाही. सासरी नांदणाऱ्या बाईला स्वतःच्या मर्जीने सुटीचा एक दिवस काढता येणं, ही माझ्या लेखी कुठल्याही महोत्सवापेक्षा मोठी गोष्ट आहे.

मंडईच्या घरी जेवण म्हणजे भात. चिन्नोर शिजत असेल तर ते ओसरीवरच कळतं. या बारीक, सुवासिक तांदळाला भंडाऱ्याच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. पण उतारा कमी आणि दिवस जास्त, म्हणून शेतकरी तो घरापुरता, पाहुण्यांपुरता लावतो. विकायचं धान वेगळं, खाऊ घालायचं वेगळं, हा भेद इथल्या घरांत अजून पाळला जातो. सोबत पाटोडीचा झणझणीत रस्सा, वांग्याची भाजी किंवा भरीत, भजी, तळलेल्या मिरच्या. दुसऱ्या दिवशी जावईबापू थांबले असतील, तर मटण. तलावाची मासोळी तर असतेच. आणि वर हिरवागार सांबार. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला तो ‘सांबार’ म्हणजे कोथिंबीर हे कळायला एक जेवण जावं लागतं.

या सणासुदीच्या ताटामागे वर्षभराचं एक दुसरं ताट आहे, तेही सांगायला हवं. धान उभं असतानाच त्याच्या ओलीवर लाखोळी टाकतात. धान कापलं की ती वर येते, तिचा कोवळा पाला भाजीला आणि डाळ वरणाला. लाखोळीमुळे पाय लुळे पडतात, म्हणून तिच्या विक्रीवर अनेक वर्षं बंदी होती. दुष्काळात दुसरं काहीच न खाता महिनोन्‌महिने तीच खाल्ली, तर तो धोका खरा आहे. पण भाताबरोबर, भाजीबरोबर प्रमाणात खाणाऱ्या शेतकऱ्याच्या घरातून ती कधीच गेली नव्हती. पावसाळ्यात जंगलातून वास्ते येतात, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आणि वारुळांवरच्या सात्या. ही अळिंबी बाजारात मटणाच्या भावाशी स्पर्धा करते आणि सकाळी आलेली टोपली दुपारपर्यंत रिकामी होते. उन्हाळ्यात मोहफुलं, चार, टेंभरं. सुकवलेले झिंगे आणि सुकसी बारा महिने शिंकाळ्यात. ज्या घरात हे सगळं ऋतूप्रमाणे शिजतं, त्या घरातल्या बाईला पाककृतींच्या पुस्तकाची गरज पडत नाही. जंगल, बांध आणि तलाव तिला रोजचा बेत सांगतात.

मंडईच्या बाजारात मात्र पाककौशल्य नावाची गोष्ट फारशी नाही आणि ती असूही नये. कढईतून निथळणारी जिलेबी, आलुबोंडा आणि त्यावर चण्याची तर्री, शेव, चिवडा, पोरांच्या पिपाण्या, बांगड्या, फुगे, पानठेला. रस्त्याच्या कडेला बसून तर्रीत बुडालेला आलुबोंडा खाताना नाकाडोळ्यांतून पाणी येतं. त्याच वेळी मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवतं: ‘कवा आला जी?’ मंडईत ओळखीचा माणूस भेटल्याशिवाय कुणी परत जात नाही. इथेच मुलगा-मुलगी एकमेकांना नजरेने पाहून घेतात, इथेच दोन्हीकडचे वडीलधारे चहा घेता घेता विषय काढतात. कितीतरी सोयरिकींची पहिली बोलणी मंडईतली असतात, हे इकडचं कुणीही सांगेल.

दुपारी दंडार. तिला रंगमंच लागत नाही. माणसं गोल करून उभी राहतात, मध्ये जेवढी जागा उरेल तेवढी नटांची. पुरुषच लुगडं नेसून बाईचं काम करतात, ढोलकी आणि झांजा चालू असतात, एक गाणं संपता संपता संवाद सुरू होतो आणि संवाद रंगला की पुन्हा गाणं. खडी गंमतही अशीच उभ्याउभ्या, शाहिराच्या तोंडून सवाल-जवाब करत चालते. दंडारीतली भाषा झाडीबोली. पुस्तकी मराठीत ‘मला’, ‘तुला’ होईल तिथे ‘मले’, ‘तुले’. शाळेत मास्तरांनी जी बोली सुधारायला सांगितली, तिच्यावर शेकडो लोक मंडईत टाळ्या वाजवतात. साकोली तालुक्यातले अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा आणि दंडारीचा अभ्यास केला, झाडीबोली साहित्य मंडळ उभं केलं. त्यांच्यामुळे गावातल्या लिहित्या पोरांना घरची बोली छापता येते याचा धीर आला.

दंडार कमी होत चालली आहे. तिची जागा कर्ण्यांच्या भिंती आणि ‘डान्स हंगामा’ घेतो आहे. त्यात रेकॉर्डवर नाच असतो, गावातल्या कुणाचं काही कौशल्य लागत नाही आणि रात्र चढेल तसा त्याचा सूर घसरतो. यावर अनेक गावांत वाद झाले आहेत. तरुणांना नवं हवं असतं, यात गैर काहीच नाही. पण दंडारीत त्याच तरुणाचा काका नाचत असे आणि चुकला तर सगळं गाव त्याला हसत असे. पाहणारा आणि नाचणारा यांच्यातलं ते नातं हंगाम्यात उरत नाही, हे मला सलतं.

रात्रीचं नाटक मात्र जोरात आहे. झाडीपट्टीची रंगभूमी शंभर वर्षांहून जुनी आणि आजही तिकिटावर चालणारी. तिचं ठाणं लाखांदूरच्या पुढे, गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-देसाईगंजमध्ये. तिथे कंपन्यांची कार्यालयं आहेत, गावोगावची मंडळं तिथे जाऊन नाटक ठरवतात आणि हंगामभर कलावंत तिथेच मुक्काम करतात. दिवाळीपासून होळीपर्यंत एक कंपनी रात्रीमागून रात्री वेगळ्या गावात. मंडई सरली की शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, सुरू होतात आणि पटाच्या रात्रीही नाटक असतंच. या शर्यतींवर बंदी होती तेव्हा नाटकांनाही त्याची झळ बसली. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राचा शर्यतींचा कायदा ग्राह्य धरला, तेव्हा पटाच्या मैदानाइतकाच आनंद वडशाच्या कार्यालयांत झाला असणार. त्याच वर्षी या रंगभूमीवरचे ज्येष्ठ विनोदी नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. त्याच्या आदल्या वर्षी आलेला ‘झॉलीवूड’ हा मराठी चित्रपट याच नाटकांच्या जगावरचा.

शेतात मंडप पडतो. पुढे खाली बसणारे, मागे खुर्च्या, सगळ्यात मागे शेकोटीभोवती घोंगडी पांघरलेले म्हातारे. पडद्यापुढे वादक बसतात: ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. दहाच्या सुमारास नांदी होते. नाटक कौटुंबिक असतं, सामाजिक असतं. त्यात दारुडा नवरा, सोशिक सून, शहरात जाऊन बदललेला मुलगा, लबाड सावकार आणि या सगळ्यांना पुरून उरणारा विनोदी नट. गाणी जागेवर गायली जातात, ‘वन्स मोअर’ आला की गाणं पुन्हा होतं, मग कथेतला मृत्यू दहा मिनिटं लांबला तरी चालतं. अभिनय मोठा, आवाज उंच, हातवारे शेवटच्या रांगेपर्यंत पोचतील असे. शहरी समीक्षक त्याला भडक म्हणतात. त्यांनी एकदा बायकांच्या बाजूला बसून पाहावं. सासूने सुनेच्या ताटातला भात उचलला, तेव्हा माझ्या शेजारच्या बाईने पदर तोंडाशी घेतला आणि तिच्या पलीकडे बसलेल्या तिच्या सासूने नजर मंचावरून हलवली नाही. सूक्ष्म अभिनयाला तेवढं काम करता आलं असतं का, मला शंका आहे. धानाची गोष्ट, हुंड्याची गोष्ट, जमिनीच्या वाटणीची गोष्ट समोरच्या प्रत्येक घरात चालू असते. नाटक ती हजार माणसांसमोर मोठ्याने बोलतं. पहाटे खेळ सुटतो. नफा झाला तर तो गावच्या कामाला जातो, तोटा झाला तर मंडळाची पोरं वर्गणी काढून भरतात.

पाहुणा दोन दिवस थांबणार असेल, तर जवळच्या काही जागा बघून घ्याव्यात. मोहाडी तालुक्यात आंधळगाव आहे, कोशाच्या कापडाचं. धीवर मंडळी जंगलात येन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या वाढवतात. झाडाखाली पक्ष्यांना हाकलत दिवसरात्र राखण करावी लागते. कोसले उकडून बायका मांडीवर धागा ओढतात. मागावर करवतकाठी साडी विणताना एक धोटा अंगाचा आणि दोन काठांचे, असे तीन धोटे चालतात. अंगाचा मातकट-सोनेरी धागा आणि काठाचा रंगीत धागा प्रत्येक फेरीला एकमेकांत अडकवायचा. म्हणून काठावर करवतीचे दाते उठतात, दोन्ही बाजूंनी सारखे. दाता चुकला की मागे जाऊन उसवावं लागतं. विणकराच्या शेजारी थोडा वेळ उभं राहिलं, की साडीच्या किमतीबद्दल घासाघीस करायची इच्छा आपोआप मावळते.

भंडारा शहर पितळेचं. कसारांच्या हातचे गुंड, हंडे, गंगाळं, पराती एकेकाळी मध्य प्रांतभर जात. स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमने तो धंदा बसवला. जे थोडे हात उरले आहेत, त्यांच्या ठोक्याने भांड्याच्या अंगावर उठणारी जाळी आजही यंत्राला साधत नाही. लेकीच्या लग्नात पितळी गुंड द्यायची रीत पुष्कळ घरांनी सोडलेली नाही, त्यावरच हे काम तगून आहे.

पवनीला जुना परकोट, वैनगंगेचे घाट आणि देवळं आहेत. १९६९-७० मध्ये तिथल्या टेकड्या नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने खणल्या आणि इसवी सनापूर्वीचे बौद्ध स्तूप हाती आले. याच गावात मिरचीचे सातरे आहेत. ढिगापुढे बसून मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायकांच्या खोकल्याशिवाय पवनीचं वर्णन पुरं होत नाही. आणि आंभोरा: वैनगंगेला कन्हान आणि इतर नद्या मिळतात, आद्यकवी मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ इथे रचला असं इकडची माणसं मानतात, अंबाजोगाईकर ते मान्य करत नाहीत. जानेवारी २०२४ पासून तिथे तारांवर तोललेला पूल आहे आणि भंडाऱ्याकडच्या काठावरून देवळाकडे जायला नावेची गरज राहिलेली नाही.

या पुलासारख्या, जलपर्यटनासारख्या मोठ्या योजना भंडाऱ्याच्या वाट्याला येत आहेत. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गावं गेलेल्या या जिल्ह्याला त्यातून चार पैसे मिळाले तर चांगलंच. पण मंडईला त्यातलं काही नको. तिला कमान नको, उद्घाटक नको, शासकीय महोत्सवाचं नाव तर मुळीच नको. तिच्यासाठी मागायच्या गोष्टी फार साध्या आहेत. नाटक सुटतं त्या वेळी तालुक्याच्या गावाकडे जाणारी एक जादा एसटी सोडावी. मंडपाजवळ बायकांसाठी पाण्यासह स्वच्छतागृह उभं करावं, कारण आज रात्रभर नाटक पाहणारी बाई संध्याकाळपासून पाणी पीत नाही. दंडारीच्या संचाला ग्रामपंचायतीने हंगाम्याइतकं नसलं तरी निदान त्याच्या निम्मं मानधन द्यावं आणि दुपारची वेळ तिच्यासाठी राखून ठेवावी. कर्णे रात्री त्यांच्या वेळेला वाजू देत. आणि जे नागपूर-पुण्याहून यायचं ठरवतील, त्यांनी तारीख इंटरनेटवर शोधू नये. साकोली किंवा लाखनीच्या बसस्थानकावर उतरावं, जवळच्या पानठेल्यावर विचारावं. आज मंडई कुठे आहे, रात्री कुठलं नाटक आहे आणि कुणाकडे जेवायला जायचं, हे तिन्ही तिथेच कळतं.